काकींचा पंखा

माशेल, रविवार

प्रिय नंदू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, ते मनाला लागून होतं. आज लिहितोय ते मात्र काकींच्या पंख्यासाठी. इकडे सगळे बरे, बाबांचा गुडघा तसाच.

बंड्या म्हणाला, तुझ्या सांगण्यावरून वायरमनने काकींच्या खोलीतला पंखा उलटा फिरेल असा करून दिला. अरे, टोरांटोत ते ठीक. तिथे हीटर लावलेल्या बंद खोलीत ऊब छताशी साठते. पंखा उलटा आणि अगदी हळू फिरवला की खालची हवा वर ओढली जाते, वरची ऊब भिंतींकडून उतरते आणि अंगाला वारा लागत नाही. आपल्याकडे डिसेंबरातही हीटर कोण लावतो? थंडी वाजली तर रेग्युलेटर एकवर, नाहीतर पंखा बंद. आता तर एप्रिल चालू आहे. पंख्याने खोली गार होत नाही, अंगावरचा घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं. तो वाराच तापलेल्या कौलांकडे गेला तर काकींनी झोपायचं कसं?

गरम हवा वर जाते, यावरून तू अकरावीत अख्ख्या वर्गाशी भांडलास. तेव्हा बरोबर होतास, आताही आहेस. घर तेवढं दुसरं आहे, नंद्या!

बंड्याला आधी पाती बघायला सांग. पंखा बंद करून वेग उतरताना दिसतं: पात्याची वर उचललेली कड पुढे असेल तर वारा खाली येतो, खालची कड पुढे असेल तर वर जातो. घड्याळाच्या दिशेवर जाऊ नये, पात्यांचा कल सगळ्या पंख्यांत एकच नसतो.

मग वायरमन बोलवायचा. मेन स्विच बंद करून कपॅसिटर (पंख्याला फिरायला जोर देणारी छोटी डबी) असलेला कप उघडायचा. मोटरमधून तीन वायरी येतात. एक सामाईक, ती थेट कनेक्टरला. उरलेल्या दोन कपॅसिटरच्या दोन टोकांना, आणि त्यांतल्याच एका टोकाला पुरवठ्याची वायर. ती काढून दुसऱ्या टोकाला जोडली की पंखा सरळ. रंगांवर विसंबू नये, ते बदलतात. फेज-न्यूट्रलची अदलाबदल करून दिशा बदलत नाही, त्यात वेळ घालवू देऊ नको. पंखा नुसता गुणगुणत राहिला आणि हाताने ढकलू त्या बाजूला फिरू लागला, तर कपॅसिटर गेला समज. जुन्यावर लिहिलेल्या आकड्याचाच नवा घ्यायचा, बहुतेक 2.5 मायक्रोफॅरड.

नवा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा, पाठवायचा विचार असेल तर चांगलंच, 75 वॉटच्या जागी तीसेक वॉटमध्ये भागतं. पण रिमोटवर उलट फिरवायचं बटण नसलेला बघ. काकींचं बोट चुकून पडेल आणि त्या रात्रभर उकडत राहतील, कुणाला सांगणार नाहीत.

नवी नोकरी कशी? सायलीची शाळा? सगळं लिही. पण आधी बंड्याला फोन कर. माझं तो ऐकत नाही, ‘नंदूदादाने सांगितलंय’ म्हणतो.

तुझा,
सदा