तीनच सिलिंडर मारतायत

रामबाग, इंदूर
१२ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. मेकॅनिकने चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या), चारही प्लग आणि वर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलायला सांगितले म्हणे! अरे, तूच लिहितोस की गाडी सीएनजीवर झटके देते, पेट्रोलवर जवळजवळ नाहीच. सीएनजीवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंदच असतात, मग ते बदलून काय साधणार? सीएनजी पेटवायला मात्र ठिणगी जास्त जोरदार लागते. म्हणून पहिला संशय प्लग आणि कॉइलवर. आणि तोही सगळ्यांवर नाही, एखाद्यावरच, कारण चारपैकी एकच सिलिंडर पेटत नाहीये असं दिसतंय.

तो कोणता, हे घरीच कळेल. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीतले दोष वाचायचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथ स्कॅनर लाव. तो दोषाचा कोड दाखवतो. पी ०३०१ आला तर पहिला सिलिंडर, पी ०३०४ आला तर चौथा. पी ०३०० आला तर गाडी एका सिलिंडरचं नाव घेत नाही. मग हवेची गळती, गॅसचा दाब बघावा लागेल.

समज, ०३०२ आला. दोन नंबरची कॉइल तीनला लाव, तीनची दोनला. कोड पुसून एक चक्कर मार. आता ०३०३ दिसला तर कॉइल गेली. ०३०२ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल कर. यात एक पैसा खर्च नाही, म्हणूनच बहुधा कोणी सुचवत नाही.

माझ्या गाडीत तर एवढंही करावं लागलं नाही. कॉइल उपसली तर तिचा रबरी बूट तेलाने थबथबलेला. वरच्या कव्हरचं सील गळत होतं आणि प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं होतं. नुसती कॉइल बदलली असती तर नवीही त्याच तेलात बुडाली असती. तुलाही तेल दिसलं तर प्लग खोलण्याआधी ते टिपून घे, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये उतरेल.

इंजिन थंड असतानाच हात घाल. प्लग बसवताना आधी बोटांनी फिरव, पाना नंतर. हेड, म्हणजे प्लग बसतो तो इंजिनचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की रडायची वेळ. आणि चालू इंजिनची कॉइल उपसून ठिणगी बघायचा शहाणपणा करू नकोस, हजारो व्होल्ट असतात.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी हळूहळू घरी आणता येते. मिचकायला लागला तर मात्र पाय काढून बाजूला घे. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं, आणि तो भाग गेला तर चार कॉइलचं बिलही स्वस्त वाटेल. भेरूघाटात वगैरे नेऊच नकोस सध्या.

कॉइल, प्लग दोन्ही निर्दोष निघाले तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब बघू. तो मोजायचं गेज माझ्याकडे आहे. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेडखालच्या गॅस्केटचा. ते काम मात्र घरचं नाही.

रविवारी देवासला येतोय, गेज घेऊन येईन. तोवर कोड काय येतो ते कळव आणि त्या मेकॅनिकला आगाऊ पैसे देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक