ताणाची तार

मोहाडी, ता. दिंडोरी, जि. नाशिक

चि. आशू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आई शेजारीच बसली होती, म्हणून मोकळं बोलता आलं नाही. गोवा ते सेशेल्स म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, अशी तिची समजूत आहे. मी ती मोडलेली नाही, तूही मोडू नकोस. सुमारे 1600 सागरी मैल, बारा-तेरा दिवस, शिडाची नौका आणि तुम्ही चौघं. मला पोहता येतं ते विहिरीत. समुद्राचं मी तुला काय सांगणार? पण तारांचं मला कळतं.

तू नववीत असताना आपला द्राक्षांचा खालचा प्लॉट बसला होता. वादळाने मांडव पाडला, असं सगळे म्हणाले. वादळ शेजारच्यांकडेही होतंच की! कडेच्या अँगलच्या ताणाला जी केबल होती, तिचा एक पदर क्लॅम्पच्या तोंडाशी तुटलेला मी आठ दिवस आधी पाहिला होता. बोटाला टोचला, रक्त आलं. डिपिंगची, घड औषधात बुडवायची घाई होती. म्हटलं, माल निघाला की बदलू. त्या रात्री तो ताण सुटला, त्याचा भार शेजारच्यावर गेला, तोही सुटला, आणि उजाडेपर्यंत पाऊण एकर मालासकट जमिनीवर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या डोलकाठीच्या ताराही मधोमध क्वचितच तुटतात. जिथे तार खालच्या फिटिंगमध्ये शिरते, तिथे खारं पाणी साचून ती आतून खाल्ली जाते. निघण्याआधी कापसाचा बोळा घे आणि प्रत्येक तारेवरून फिरव. पदर तुटला असेल तर कापूस अडकतो. फिटिंग निसटू नये म्हणून लावलेल्या कॉटर पिना डोळ्यांनी नको, बोटांनी मोज.

आणि तरीही तुटली तर? वाऱ्याच्या बाजूची तार गेली की लगेच नौका वळवायची, भार दुसऱ्या बाजूच्या तारांवर घ्यायचा. पुढची गेली तर वारा पाठीवर घ्यायचा आणि शीड चढवायचा मोकळा दोर नाळेशी, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाशी बांधून ताणायचा. दिवाळीत चिवडा खाता खाता तूच काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवलं होतंस. माझ्या लक्षात राहिलं. तुझ्या हातांच्या लक्षात आहे ना, तेवढं बघ.

खरी काळजी मला वेगळीच आहे. तू सगळ्यांत लहान. रात्रीच्या पाळीत वारा वाढला तर कॅप्टनला उठवायला तू संकोचशील. 15 नॉटचा वारा 30 झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. विषुववृत्ताजवळ पावसाळी झोत अचानक येतात म्हणे. क्षितिजाजवळच्या चांदण्या एका बाजूने दिसेनाशा झाल्या की समज. रीफ घ्यावा, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करावं का, असं मनात आलं तर त्याच मिनिटाला हाक मार. चिडला तर चिडू दे. आणि तुझा सुरक्षेचा पट्टा अडकवल्याशिवाय पुढे डेकवर पाऊल टाकायचं नाही, मग वारा असो नसो.

सुकाणूचंही बघ. 2018 मध्ये ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरच्या आपल्या सहा नौदल अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात होत्या, आणि सुकाणूच्या बिघाडामुळे त्यांना मॉरिशसमध्ये पोर्ट लुईसला थांबावं लागलं. म्हणून तो आपत्कालीन टिलर, म्हणजे सुकाणू हाताने फिरवायचा दांडा, बंदरातच लावून अर्धा तास चालवून बघा. भर समुद्रात पहिल्यांदा बाहेर काढला आणि तो कशाला तरी अडकतोय, असं नको. अभिलाष टॉमींचंही वाचलं. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 2018 ला डोलकाठी मोडून पाठ जायबंदी झालेला हा माणूस पुढच्या शर्यतीत पुन्हा गेला. वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू मोडलं तेव्हा नौकेच्या संडासाचं दार कापून त्याने ते दुरुस्त केलं आणि 2023 मध्ये दुसरा आला! आपल्या गावात असते तर मी त्यांना ट्रॅक्टर दुरुस्तीला बोलावलं असतं.

पार्सल कुरिअरने टाकलंय. बेदाणे आपलेच, आईने निवडलेत. खाली स्टेनलेस तारेची दोन भेंडोळी, हॅकसॉ आणि जादा पाती आहेत. डोलकाठी कोसळलीच तर तारा झटपट कापाव्या लागतील, नाहीतर तीच धडका मारून नौकेला भोक पाडेल, म्हणून पाती हाताशी ठेव, तळाच्या पेटीत नको. पक्कड माझी रोजची आहे. परत आण.

तुझे आप्पा