नेपथ्यवाल्याचंही नाव छापा की!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतलं ऑस्करचं पान वाचलं. हिरोइनींच्या गाऊनवर अर्धा कॉलम, आणि प्रॉडक्शन डिझाइनचं, म्हणजे सिनेमातल्या नेपथ्याचं, अवॉर्ड एका ओळीत उरकलंय, त्यातही नुसतं सिनेमाचं नाव, माणसाचं नाहीच. मी हौशी नाटकांचं नेपथ्य करतो त्यामुळे जरा जास्तच लागलं असेल.

रॉबर्ट बॉयल या हॉलिवूडच्या प्रॉडक्शन डिझायनरचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय? १९३३ ला आर्किटेक्ट झाला, तेव्हा अमेरिकेत मंदी, आहे ती कामं गेली, मग पोटासाठी एक्स्ट्रा म्हणून स्टुडिओत घुसला आणि तिथून पॅरामाउंटच्या आर्ट डिपार्टमेंटला चिकटला. हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (१९५९) शेवटी कॅरी ग्रांट माउंट रशमोरवरच्या प्रेसिडेंट लोकांच्या दगडी चेहऱ्यांवरून जीव मुठीत धरून उतरतो ना, ते सगळं खोटंय! त्या चेहऱ्यांवर मारामारी शूट करायला सरकारने परवानगीच दिली नाही, मग हा बॉयल पठ्ठ्या दोराला लटकवलेल्या पाळण्यात बसून वरून खाली उतरला, उतरता उतरता फोटो घेतले, आणि त्यावरून एमजीएम स्टुडिओच्या स्टेजवर कॅमेऱ्यात येईल तेवढाच दगड बांधला, बाकी मागे मोठ्ठे फोटो. आम्ही नाही का दरवाजा करतो, प्रेक्षकांकडून सागवानी आणि विंगेतून बघाल तर नुसती प्लायची पाठ आणि टेकू, तसंच. व्हिलनचं ते डोंगरकडेचं झकास घर, तेही तिथे नाहीच, थोडा सेट आणि थोडं पेंटिंग. मला अजून पटत नाही.

या माणसाला चार नॉमिनेशन्स आणि ऑस्कर एकही नाही! शेवटी २००८ ला मानद ऑस्कर दिलं तेव्हा वय ९८, आणि २०१० ला वयाच्या शंभराव्या वर्षी गेला.

तसं 'प्रॉडक्शन डिझायनर' हे पद गाजलं ते 'गॉन विथ द विंड'च्या (१९३९) विल्यम कॅमेरॉन मेंझीसमुळे, त्यात अटलांटाची आग दाखवायला स्टुडिओतले जुने सेट पेटवून दिले होते. (आमचे जुने फ्लॅट, म्हणजे सेटच्या रंगवलेल्या चौकटी, नाट्यमंडळाच्या माळ्यावर सडतायत, ते वेगळं.) पण अवॉर्डचं नाव 'आर्ट डायरेक्शन' बदलून 'प्रॉडक्शन डिझाइन' व्हायला २०१२ उजाडलं.

तर पुढच्या वर्षी त्या ओळीत माणसाचं नावही टाका. जागा कमी पडली तर एखादा गाऊन कमी करा.

आपला,
एक जुना वाचक, सातारा