मेस्सीच्या आठवड्यात आणखी काय घडले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ डिसेंबरला लिओनेल मेस्सी वानखेडे स्टेडियमवर येऊन गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या आपल्या अंकाचे पहिले पान व क्रीडापान त्यानेच व्यापले. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तो मजकूर मीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सचिन तेंडुलकरने त्याला आपली १० क्रमांकाची जर्सी दिली, ते छायाचित्र माझ्या नातवाने कापून कपाटाच्या दारावर चिकटवले आहे. त्याच आठवड्यात भारतीय फुटबॉलमध्ये घडलेल्या दोन गोष्टी मात्र चार-सहा ओळींच्या चौकटीत उरकण्यात आल्या. हे पत्र त्यांच्याविषयी आहे.

पहिली गोष्ट ७ डिसेंबरची. त्या रात्री मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा आणि ईस्ट बंगाल यांच्यात सुपर कप या देशातल्या क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. जादा वेळेनंतरही गोल झाला नाही आणि अखेर पेनल्टींवर ६-५ अशी बाजी मारून गोव्याने चषक आपल्याकडेच राखला. दुसरी गोष्ट त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यावसायिक हक्कांचा जो १५ वर्षांचा करार केला होता, ज्याच्या आधारावर इंडियन सुपर लीग उभी राहिली आणि ज्यातून महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये मिळत होते, तो ८ डिसेंबरला संपला. नव्या भागीदारासाठी काढलेल्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नव्हती. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी देशातली सर्वोच्च व्यावसायिक लीग, मी हे पत्र लिहीत आहे तोपर्यंत, सुरूच झालेली नाही. म्हणजे जगातल्या सर्वांत लोकप्रिय फुटबॉलपटूला पाहण्यासाठी आपण हजारो रुपयांची तिकिटे काढत होतो, तेव्हा या देशातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूला आपला पुढचा सामना कधी आहे हे ठाऊक नव्हते. हा विरोधाभास मांडायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. दोन बातम्या शेजारी-शेजारी छापल्या असत्या तरी पुरे होते.

हा विषय महासंघातल्या खुर्च्यांच्या भांडणाचा आहे, अशा थाटात त्याची बातमी येते. प्रत्यक्षात तो पोटापाण्याचा आहे. लीग होणार की नाही हे ठरेना, म्हणून काही क्लबांनी ऑगस्टमध्येच खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवले होते. परवा, २६ डिसेंबरला, मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीतून अंग काढून घेतल्याचे जाहीर झाले. २०१९ पासून या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा त्यांच्याकडे होता. मुंबई सिटीने दोनदा लीग शिल्ड (गुणतक्त्यात अव्वल राहिल्याचा मान) आणि दोनदा लीगचा चषक जिंकला आहे. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लबही तोच ठरला. तो आपल्या राजधानीतला क्लब आहे. त्याच्या मालकाने पाठ फिरवावी आणि त्यामागची कारणे मराठी वाचकाला इंग्रजी संकेतस्थळांवरून गोळा करावी लागावीत, याचे मला नवल वाटते. पुण्याच्या फुटबॉल रसिकांना हे नवे नसावे. त्यांचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये असाच गुंडाळला गेला.

ऑक्टोबर महिन्यातही असेच झाले होते. १४ ऑक्टोबरला फातोर्डावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आपली दारे बंद झाली. आपल्या छांगतेने आघाडी मिळवून दिल्यानंतर घरच्या मैदानावर हा सामना हातातून कसा निसटला, मधल्या फळीत काय बिघडले, याचा ऊहापोह मला कुठेच वाचायला मिळाला नाही. आठ दिवसांनी त्याच मैदानावर सौदीचा अल नासर, म्हणजे रोनाल्डोचा संघ, एफसी गोवाशी खेळायला आला. सामन्याआधी रोनाल्डो येणार की नाही याच्या बातम्या रोज होत्या आणि तो आला नाही तेव्हा 'चाहत्यांची निराशा' हाच मथळा झाला. त्या संध्याकाळी गोवा २-१ असा हरला खरा, पण ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच मुलाने अल नासरच्या जाळ्यात चेंडू मारला होता. रोनाल्डोच्या न येण्याला जेवढी जागा मिळाली, त्याच्या पाव हिस्सादेखील त्या गोलाला मिळाली नाही. महिला संघाचे तर विचारूच नका. ५ जुलैला चियांग मायमध्ये संगीता बासफोरच्या दोन गोलांच्या जोरावर थायलंडला २-१ असे नमवून आपल्या मुलींनी आशियाई चषकातले स्थान पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच मिळवले. ही बातमी मी आपल्या अंकात शोधून काढली. ती शोधावी लागली, दिसली नाही.

यावर 'वाचकांना रस नाही' असे उत्तर मिळते. मी कोल्हापूरचा आहे, त्यामुळे ते मला पटणे अवघड आहे. आमच्याकडे पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर भर उन्हात माणसे पायऱ्यांवर बसतात आणि सकाळी स्थानिक पुरवणीत कोणत्या मिनिटाला कोणाच्या पासवर कोणी गोल केला, कोणाची संधी खांबाला लागून हुकली, इतके सारे वाचतात. पेठेतल्या चहाच्या टपरीवर त्या वृत्तांतातल्या चुका काढल्या जातात, म्हणजे तो किती बारकाईने वाचला जातो पाहा. मराठीत फुटबॉलचे उत्तम वार्तांकन होऊ शकते, ते वर्षानुवर्षे होत आले आहे. फक्त ते जिल्हा आवृत्तीची वेस ओलांडत नाही. जून २०१८ चा प्रसंगही आपल्याला आठवत असेल. अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले तेव्हा अवघे २५६९ प्रेक्षक होते. सुनील छेत्रीने ध्वनिचित्रफितीतून 'मैदानात या, हवे तर शिव्या द्या' असे साकडे घातले आणि केनियाविरुद्धच्या पुढच्याच सामन्याची सारी तिकिटे खपली. रस नव्हता असे नाही, कोणी सांगितले नव्हते. ते सांगण्याचे काम कर्णधाराला हात जोडून करावे लागले.

भाषेविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. क्रिकेटच्या वृत्तांतात खेळपट्टी, नाणेफेक, कोणता गोलंदाज कधी आणला आणि तो चुकला की बरोबर, हे सारे असते. फुटबॉलच्या वृत्तांतात गोल 'डागले' जातात (हे हिंदीतून आलेले प्रकरण तोफखान्यालाच शोभते) आणि १-० च्या निसटत्या विजयातही प्रतिस्पर्ध्याचा 'धुव्वा' उडतो. संघ किती बचावपटू घेऊन उतरला, कोणत्या बगलेवरून हल्ले झाले, बदली खेळाडूने काय साधले, यातले अक्षरही नसते. वृत्तसंस्थेच्या मजकुराचे रात्री घाईघाईत भाषांतर होते हे मी समजू शकतो. परंतु सामना दूरचित्रवाणीवर पाहून चारशे शब्द लिहू शकेल, असा तरुण आपल्या कोल्हापूर कार्यालयात नक्की सापडेल.

मेस्सीच्या भेटीच्या निमित्ताने राज्य सरकारने 'प्रोजेक्ट महादेवा' ही १३ वर्षांखालील मुला-मुलींना निवडून त्यांना शिष्यवृत्ती देण्याची योजना पुढे आणली आहे. तिचे स्वागतच आहे. पण २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा त्याच्या घरापर्यंत पोहोचलेले कॅमेरे स्पर्धा संपताच परतले आणि पुढे तो कोणत्या क्लबात गेला, किती खेळला, हे जाणून घ्यायला मला खटपट करावी लागली. महादेवातली मुले कोणत्या मैदानावर सराव करत आहेत, त्यांना प्रशिक्षक कोण आहेत, वर्षभरात ती किती सामने खेळली, याची बातमी आपण दर सहा महिन्यांनी द्यावी, आणि लीग जेव्हा सुरू होईल तेव्हा तिचा गुणतक्ता इंग्लिश प्रीमियर लीगच्या तक्त्याशेजारी, तेवढ्याच टाइपात छापावा, एवढीच विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
२९ डिसेंबर २०२५