दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं

ती. स्व. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

काल दिवेलागणीला दुधीच्या वेलीवर एकदम चार मादीफुलं उमलली. हातातलं पीठ तसंच टाकून गच्चीत गेले आणि तुमची फार आठवण आली. तुम्ही बंगळुरूला मुलाकडे गेल्याला तीन महिने होतील. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहायला बसले. सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय, कारण आपल्या इमारतीत आज इतक्या गॅलऱ्या हिरव्या दिसतात, त्याची सुरुवात दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी केली, हे नव्या बिऱ्हाडांना ठाऊक नाही.

पहिल्या वर्षी मी हौसेनं सहा रोपं आणली आणि महिनाभरात चार घालवली. सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते, तरी पानं पिवळीच. तुम्ही वर आलात, एक रोप मातीसकट उपटलंत आणि काळी पडलेली मुळं माझ्या तळहातावर ठेवलीत. "ही तहानेनं नाही, लाडानं गेली," म्हणालात. तेव्हापासून मातीत बोट घालून बघते. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवायचा तो पालथा, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती आत राहते, हेही तुमचंच. गच्चीवर नुसत्या ओल्या मातीचा भार नको म्हणून निम्मी कुंडी वाळक्या पाल्यानं आणि उसाच्या चिपाडांनी भरायला शिकवलंत. रसवंतीवाल्या दादांकडे माझ्यासाठी शब्द टाकलात, आणि ते अजूनही न विचारता पोतं बाजूला काढून ठेवतात.

पण खरे आभार दुधीचे.

रंगाच्या २० लिटरच्या डब्यात वेल लावला होता. मांडवावर चढला, पांढरी फुलं भरभरून आली, आणि फळ एकही धरेना. मादीफुलाच्या देठाशी बोटाएवढा दुधी दिसायचा, दोन दिवसांत पिवळा पडून गळायचा. कोणी म्हणालं खत कमी पडलं, कोणी म्हणालं वेलच वांझ. परागीकरण हातानं करावं लागतं एवढं मला कळलं होतं, म्हणून रोज सकाळी ब्रश घेऊन उभी राहायचे. तोवर फुलं मिटत आलेली असायची.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "अगं, भोपळा, काकडी, घोसाळं सकाळची. दुधी आणि दोडका संध्याकाळचे. त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात, ते इथे तिसऱ्या मजल्यावर कुठून यायचे?" त्याच दिवशी साडेसहाला गुडघेदुखी विसरून जिने चढून आलात. मोबाइलचा टॉर्च मी धरला. तुम्ही एक नरफूल खुडलंत, त्याच्या पाकळ्या मागे दुमडल्यात आणि मधला परागाचा गोंडा मादीफुलाच्या आत हलक्या हातानं टेकवलात, तीनही बाजूंनी, बाळाला काजळ लावावं तसा. मी श्वास रोखून बघत होते. आठवड्याभरात तो बोटाएवढा दुधी वीतभर झाला. त्याच्या अंगावरची पांढरी लव अजून डोळ्यांपुढे आहे. वेलीचा शेंडा खुडायलाही तुम्हीच लावलंत. माझा जीव होत नव्हता. पण मादीफुलं जास्त करून बाजूच्या फांद्यांवरच येतात, हे पुढे डोळ्यांनी पाहिलं.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं तेव्हा मी फवारा घेऊन धावले होते. तुम्ही हात धरलात. फुलपाखराची अळी होती ती. चार फांद्यांची पानं तिनं फस्त केली, आणि मग एका सकाळी कोषातून ओल्या पंखांचं काळं फुलपाखरू बाहेर आलं. त्या दिवशी मी ऑफिसला तासभर उशिरा गेले आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

सासूबाईंना हल्ली फारसं दिसत नाही. पण गवती चहाची पात त्या हातानं चाचपून स्वतः खुडतात, बोटांचा वास घेतात आणि मगच आत देतात. दिवसभरात एवढं एक काम त्या कुणाला करू देत नाहीत. काकू, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्या कुंडीतलं ठोंब तुम्हीच दिलेलं आहे.

जाताना तुम्ही कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या देऊन गेलात. वाल, घोसाळं, अंबाडी, लाल माठ. प्रत्येकीवर तुमच्या तिरक्या अक्षरात पेरायचा महिना. माठ दोनदा खाऊन झाला. वाल मांडवावर चढलाय.

यंदाचा पहिला दुधी तोडलेला नाही. बियाण्यासाठी राखलाय, चुकून कुणी कापू नये म्हणून देठाला लाल दोरा बांधलाय. वेलीवरच वाळू देते. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की काढून तुम्हाला कुरिअरनं पाठवीन. तिकडच्या गॅलरीत ऊन किती वाजेपर्यंत असतं तेवढं मोजून कळवा. चार दिवस मोजा, एका दिवसावर जाऊ नका. मला तुम्ही असंच मोजायला लावलं होतंत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची