सूचना : रविवारपासून कुत्र्यांसोबत धावण्याची वेळ बदलली

सर्व सभासदांना नमस्कार,

नागपूरचं ऊन आता सकाळी आठलाच चटके देतंय. त्यामुळे येत्या रविवारपासून फुटाळा तलावाच्या काठावर पहाटे ५.३० ला जमायचं आणि ६.१५ ला थांबायचं. उशीर झाला तर त्या दिवशी घराजवळच फिरवा, उन्हात पळत येऊ नका.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो अंग थंड करतो. धाप थांबेना, घट्ट लाळ गळू लागली किंवा पाय डळमळले की धावणं तिथेच बंद. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता आणि थेट डॉक्टरांकडे न्या. आपले किलोमीटर नंतरही होतील.

• पट्टा पूर्ण वेळ हातात हवा. तलावावर लहान मुलं आणि वयस्कर मंडळीही फिरायला येतात.
• पाणी, वाटी आणि शी उचलायला पिशवी प्रत्येकाने आणावी.
• पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना पळवू नका, फक्त चालवा.
• मोठ्या जातीच्या पिल्लांना साधारण दीड वर्षापर्यंत लांब पळवू नका, हाडं अजून वाढत असतात.
• पोटभर खाणं धावून आल्यावर, तेही धाप शमल्यावरच द्या.

कुत्र्याची रेबीजची लस राहिली असेल तर आधी ती द्या, मगच या.