न सांगता केलेली आगोट

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

गणपती होऊन महिना उलटला. या महिन्यात मी तीनदा तुमच्या अंगणात येऊन आभार मानायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तुम्ही चहा पुढे करून विषय दुसरीकडे नेलात. समोरासमोर तुम्ही ऐकून घेणार नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि चार लोकांनी ते वाचावे अशी इच्छा असल्यामुळे ते जाहीर लिहितो आहे. तुमचे नाव यात घातलेले नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. रत्नागिरीजवळच्या मालगुंडच्या आसपास ज्यांची गाडी कधी ना कधी तुमच्या हाताखालून गेली आहे, त्यांना नाव सांगण्याची गरजही नाही.

आमच्या भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती प्रीमियर पद्मिनी 1989 साली घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, 1089 सीसीच्या इंजिनाची आणि स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली ती गाडी भाऊंनी स्वतःच्या हाताने धुतली, पुसली आणि चालवली. दर पाच वर्षांनी आरटीओतून तिचे नूतनीकरण करून आणण्यातही त्यांनी कधी कुचराई केली नाही. भाऊंना जाऊन आता चार वर्षे झाली. मी ठाण्यात नोकरीला, त्यामुळे गाडी गावच्या घराशेजारी, पूर्वी जिथे गोठा होता त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि वर्षातून दोनदाच, शिमग्याला आणि गणपतीत, बाहेर निघते. वापर नाही म्हणजे झीज नाही, अशी बहुतेकांची समजूत असते आणि माझीही तीच होती. बर्फाच्या देशांत लोक हिवाळ्यात गाड्या बंद करून ठेवतात तेव्हा गोठण्याची आणि रस्त्यावर पसरलेल्या मिठाची काळजी करतात असे मी वाचले होते. पण आपल्याकडे मीठ रस्त्यावर नसून हवेतच असते, आणि गाडीचा कसोटीचा काळ म्हणजे मृगापासून गणपतीपर्यंतचे ते तीन ओले महिने, हे मला कुणी समजावून सांगितले नव्हते.

तुमच्याकडे येण्याआधी मी ज्यांच्यावर विसंबलो, त्यांच्याविषयीही थोडे लिहिलेच पाहिजे. 2023 च्या पावसाळ्यात मी गाडी शहरातल्या एका गॅरेजमध्ये महिन्याच्या भाड्याने ठेवली होती. त्यांनी ती जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उघड्यावर उभी केली आणि दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करत राहिले. मला फोनवर तीच गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगत. मीही ती कौतुकाने ऐकत असे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि पत्र्याला आतून गंज धरतो. पाच मिनिटांत इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे जळणातून तयार झालेले पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याऐवजी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते. आणि स्टार्टरने ओढलेली वीज बॅटरीत परत भरायलाही तेवढा वेळ पुरत नाही. हे सगळे मला नंतर तुमच्याकडून कळले. गणपतीच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा बॅटरी मेलेली होती, मागची दोन्ही चाके जाम झाली होती, सीटवर हिरवी बुरशी होती आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी सीटच्याच काथ्याचे घर केले होते. एवढे होऊनही त्या गृहस्थांनी पूर्ण भाडे मोजून घेतले आणि वर सल्ला दिला, "आता भंगारात घाला हिला." तो शब्द त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवून उच्चारला, हे मी विसरू शकलेलो नाही. त्या वर्षी आमचा गणपती रिक्षातून आला.

पुढच्या वर्षी तुम्ही गाडी चालती करून दिलीत, त्याचे पैसे तुम्ही घेतलेत आणि ते रास्तच होते. हे पत्र त्या कामासाठी नाही. हे पत्र 2025 च्या पावसाळ्यासाठी आहे, जेव्हा मी तुम्हाला काहीही सांगितलेले नव्हते.

शिमगा आटोपून मार्चमध्ये मी घाईने ठाण्याला परतलो. मेअखेरीस चार दिवस रजा काढून यायचे, कौले चाळायची, पावसाच्या माऱ्याला आडोसा म्हणून झडी बांधायच्या, आणि घराच्या आगोटीबरोबर, म्हणजे पावसाआधीच्या तयारीबरोबर, गाडीचीही सोय लावायची, असा माझा बेत होता. पण त्या वर्षी पावसाने कुणाचेच वेळापत्रक मानले नाही. 25 मे रोजीच मान्सून कोकणात उतरला, मृगाला अजून दोन आठवडे होते. मी शेजारच्या काकूंना फोन करून छपराची चौकशी केली आणि गाडीविषयी एक अक्षर विचारले नाही. गाडी अर्ध्या टाकी पेट्रोलसह, हँडब्रेक ओढलेल्या अवस्थेत आणि ताडपत्रीखाली उभी आहे, हे मला आठवत होते. पण आता जाऊन काय उपयोग, या विचाराने मी ते मनातून काढून टाकले. चूक माझी होती आणि तिची भरपाई तुम्ही केलीत.

काकूंनी नंतर सांगितले ते असे. पावसाच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही डोक्यावर इरले घेऊन आलात, शेडमध्ये डोकावलात आणि म्हणालात, "भाऊंची गाडी अशी ठेवून चालायचं नाही." त्यांच्याकडून किल्ली घेतलीत आणि मला फोन करू नका, उगीच जिवाला घोर लागेल, असेही त्यांना बजावलेत. केलेल्या प्रत्येक कामाचा तपशील मी इथे देत नाही. पण एक गोष्ट मला फार शिकवून गेली. आम्ही गाडीवर घातलेली ताडपत्री काढून तुम्ही ती गाडीखाली जमिनीवर अंथरलीत, म्हणजे गोठ्याच्या मातीतून वर येणारी ओल तिथेच अडली, आणि गाडीवर मात्र जुन्या सुती चादरी शिवून घातल्यात, म्हणजे आतला पत्रा श्वास घेऊ शकला. जे वर हवे असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो, ते खाली हवे होते. चाकांच्या कमानींत साठलेली तांबडी माती तुम्ही खरवडून काढलीत, दरवाजांच्या तळाची बुजलेली भोके तारेने मोकळी केलीत आणि गाडी फणसाच्या ओंडक्यांवर उचलून घेतलीत. हँडब्रेक सोडलात, कारण ओढून ठेवला तर ब्रेकचे शू ड्रमला चिकटून बसतात, 2023 साली झाले होते तसेच. पश्चिमेकडून शेडमध्ये पावसाचे तुषार येतात म्हणून त्या बाजूला चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झड बांधलीत. बॅटरी स्वतःच्या घरी नेलीत आणि वीज असेल तेव्हा, महिन्यातून एकदा, चार्ज करत राहिलात.

टाकीतले पेट्रोलही तुम्ही काढून घेतलेत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढून घेते, पाणी पुरेसे झाले की ते इथेनॉलसह खाली बसते आणि पत्र्याच्या टाकीचा तळ खाते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा तर या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. काढलेल्या पेट्रोलपैकी थोडे तुमच्या गवत कापायच्या यंत्राला लागले, म्हणून त्याचे पैसे तुम्ही काकूंकडे पाकिटात ठेवलेत. ते पाकीट मी अजून फोडलेले नाही.

पण मेस्त्री, ज्या गोष्टीमुळे मी हे पत्र लिहायला बसलो, ती यातली कोणतीच नाही.

24 ऑगस्टला, रविवारी दुपारी मी गावी पोहोचलो आणि बॅग ओटीवर टाकून तडक शेडमध्ये गेलो. जे दिसेल ते निमूट सोसायचे, अशा तयारीनेच गेलो होतो. पुढच्या उजव्या चाकावरची चादर आधी वर केली. टायरच्या बाजूवर खडूने काहीतरी लिहिलेले दिसले. अक्षर बारीक होते आणि टायरच्या गोलाईबरोबर वळत गेले होते. सगळ्यात वर "अष्टमी" होते. त्याच्यापासून पाव चाकावर, आडवे झालेले, "नारळी". मी उकिडवा बसून मान वाकडी करून वाचू लागलो. तळाशी, उलटे, "दिव्याची अवस". पलीकडे "आषाढी". मग पुन्हा वर आलो तर "अष्टमी"च्या खालीच, दमट हवेने पुसट झालेले, "अवस" एवढेच तोकडे नाव, आणि "नारळी"च्या बाजूला त्याहून पुसट "वटपौर्णिमा".

थोडा वेळ मला काही उमगले नाही. मग मी चाकाला हात लावला आणि ते अलगद, काही आवाज न करता फिरले. तेव्हा समजले. दर आठ-पंधरा दिवसांनी येऊन तुम्ही चारी चाके हाताने फिरवत होतात, म्हणजे बेअरिंगमधले ग्रीस एका जागी बसू नये आणि ब्रेक धरू नयेत. आणि शेवटी ते चाक पाव फेरा पुढे ठेवून, वर आलेल्या जागी त्या दिवसाचे नाव लिहीत होतात. तारीख नव्हे, दिवसाचे नाव. 10 जूनच्या वटपौर्णिमेपासून ऑगस्टच्या मध्यावरच्या गोकुळाष्टमीपर्यंत सहा वेळा. आषाढीला, म्हणजे 6 जुलैला, तुमचा उपास असणार. दिव्याच्या अवसेला तुमच्या घरी दिव्यांची पूजा असणार. लावणीच्या दिवसांत तर तुमच्या स्वतःच्या शेतात गुडघाभर चिखल असणार. तरीही चढण चढून तुम्ही आलात, एका बंद गाडीची चाके फिरवलीत आणि परत गेलात, आणि हे कुणाला कळावे अशी तुमची इच्छा नव्हती. ती अक्षरे तुम्ही मला दाखवण्यासाठी लिहिली नव्हती, तुमच्या स्वतःच्या हिशेबासाठी लिहिली होती, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती वाचताना मला आवरले नाही. मी त्या चाकाला टेकून बराच वेळ बसून राहिलो. भाऊ गेले तेव्हा लोकांसमोर मी खंबीर राहिलो होतो. त्या दुपारी शेडमध्ये राहिलो नाही.

संध्याकाळी तुम्ही बॅटरी खांद्यावर घेऊन आलात. नवे पेट्रोल घातलेत, सायलेन्सरच्या तोंडातला चिंध्यांचा बोळा काढलात आणि दुसऱ्याच प्रयत्नात इंजिन बोलू लागले. मी काही बोलण्याच्या आतच तुम्ही म्हणालात, "आता उभी ठेवू नका, आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यापर्यंत नेऊन आणा, चांगली तापू दे." आपण दोघे गेलो. खिडक्या उघड्या होत्या, समुद्र उधाणलेला होता, आणि तुम्ही वाटभर फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होतात. परतीच्या वाटेवर एकदाच म्हणालात, "गाडी पण माणसासारखीच. बसून राहिली की सांधे धरतात."

नागपंचमीला, गणपतीची मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेत मूर्तीसाठी पाट नेऊन देण्याचे काम आमच्या घरी भाऊच करत असत. या वर्षी तो पाटही, मला रजा नसल्यामुळे, काकूंच्या सांगण्यावरून तुम्हीच नेऊन दिला होतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावरची मूर्ती भाऊंच्या गाडीत, मागच्या सीटवर, आईच्या मांडीला टेकून घरी आली. आईने वाटेत काचेवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "वास तोच आहे रे अजून." बुरशीचा वास नव्हता, मेस्त्री. जुन्या रेक्झिनचा आणि भाऊंच्या उदबत्तीचा होता.

एसटीच्या डेपोत तुम्ही उभे आयुष्य काढलेत. ज्या बसमध्ये आपले कुणी बसलेले नाही, तिचेही नट नीट आवळायचे, ही सवय तिथे लागली असे तुम्ही एकदा सहज बोलून गेला होतात. मला वाटते, आपल्या वाड्यांमधून अजून जे काही धड चालते आहे, ते अशा सवयीच्या माणसांमुळे चालते आहे. ज्यांची घरे वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात, अशा आम्हा चाकरमान्यांच्या विहिरी, कलमे, छपरे आणि देवघरे कुणीतरी जाता येता पाहत असते आणि आम्ही गणपतीत येऊन सगळे जागच्या जागी असल्याचे गृहीत धरतो. त्या गॅरेजवाल्यांनी पैसे घेऊन जे केले नाही, ते तुम्ही पैशाचा विषयही न काढता केलेत, एवढेच मला माझ्यासारख्या इतरांना सांगायचे आहे.

विसर्जनानंतर गाडी पुन्हा तुमच्या सांगण्याप्रमाणे ठेवली आहे. हँडब्रेक सोडला आहे, गिअरमध्ये ठेवून चाकांना जांभ्याचे दगड लावले आहेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आहे. दिवाळीला येऊन तिला पावस गावापर्यंत फिरवून आणीन. पुढच्या वर्षी 10 मेच्या आत मी आठ दिवसांची रजा घेऊन येतो आहे. तोपर्यंत ओंडक्यांना वाळवी लागू नये म्हणून त्यांना तेल लावून माळ्यावर ठेवले आहे. गाडी वर उचलण्याच्या दिवशी तुम्ही फक्त खुर्ची घेऊन शेडच्या दारात बसावे आणि माझे कुठे चुकते आहे ते सांगावे, ही विनंती. पावसात चाके फिरवायला महिन्यातून एकदा मी येईन. मधल्या पंधरवड्याला मात्र तुमच्यावाचून कुणी नाही, आणि ते मी या वेळी आधीच, रीतसर, तुमच्याकडे मागतो आहे. खडूची पेटी काकूंकडे ठेवली आहे.

आपला,
खालच्या वाडीतल्या भाऊंचा मुलगा